फोटोत या, फाइलीत नको

जूनचा पहिला आठवडा आला की महाराष्ट्रात दोन गोष्टींना एकदम मागणी येते. रोपांना आणि पोरांना. रोपे नर्सरीतून येतात, पोरे एनएसएसमधून. दोन्ही टेम्पोतून उतरवायची, उन्हात ओळीने उभी करायची आणि साहेबांची वाट पाहायची. साहेब येईपर्यंत दोन्ही माना टाकतात.

रोपाला निदान खड्डा तरी मिळतो.

पोरांना मिळते हिरवी टोपी, एक वडापाव आणि 'पर्यावरणदूत' असे छापलेले प्रमाणपत्र. दूत म्हणजे निरोप्या. निरोप कुणाचा? वरचा, खाली पोहोचवायचा. खालचा निरोप वर न्यायची मुभा या दूताला नाही. तसे करायला गेला तर त्याला दुसरे नाव पडते. त्या नावाकडे येतोच.

परवा अशाच एका परिसंवादाला गेलो होतो. विषय: 'हवामान बदल आणि युवकांचा निर्णयप्रक्रियेतील सहभाग'. शीर्षक इतके लांब की फ्लेक्सवर पाहुण्यांचे फोटो मावेनात. मग 'निर्णयप्रक्रियेतील' हा शब्द बारीक टायपात घेतला. फ्लेक्सवाला फार शहाणा माणूस असतो.

मंचावर नऊ खुर्च्या. त्यातले सर्वांत तरुण गृहस्थ नुकतेच सेवानिवृत्त झालेले. युवकांचा सहभाग नव्हता असे कोण म्हणेल? एकीने ईशस्तवन म्हटले, एकीने निवेदन केले, तिघांनी पुष्पगुच्छ आणून दिले. एसी अठरावर. पृथ्वी तापत चालल्याचे भाषण ऐकता ऐकता पाहुण्यांनी सत्काराच्या शाली अंगाभोवती घट्ट ओढून घेतल्या.

शेवटी पाच मिनिटे प्रश्नोत्तरे. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. म्हणाली, "या हॉलच्या पार्किंगसाठी मागची झाडं तोडली. ते ठरवताना कुणाला विचारलं होतं?"

"छान प्रश्न. नोंद घेतली आहे," सूत्रसंचालक म्हणाले. आणि आभारप्रदर्शन सुरू झाले.

आता मुळात युवा कोण, हेच बघा. आपल्या राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वयाचे झाड 'वारसा वृक्ष' ठरू लागले. राजकारणात पन्नास वर्षांचा गडी 'युवा नेता' असतो. झाड पन्नाशीत आजोबा होते. नेत्याला पन्नाशीत नुकते मिसरूड फुटलेले असते.

सध्याच्या लोकसभेचे सरासरी वय ५६. तक्रार नाही, अनुभवाला किंमत असते. पण हिशेब बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने शब्द दिला, की २०७० पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणू. त्या दिवशी जो पोरगा वीस वर्षांचा होता, तो २०७० मध्ये एकोणसत्तरीला टेकलेला असेल. शब्द देणारे तेव्हा कुठे असतील, हे बघायला पंचांग नको. कर्ज काढणारे एक, हप्ते भरणारे दुसरे.

गल्लीतली पतसंस्थासुद्धा जामीनदाराची सही घेते हो!

सही सोडा, पोरांना साधी हात वर करायची सवय तरी आपण लावली का? शाळेत वर्गप्रमुख 'निवडतात', म्हणजे बाई निवडतात. कॉलेजात तेवढेही नाही. हाणामाऱ्या झाल्या म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका बंद पडल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद परत आणली. तरतूद आली, निवडणूक अजून वाटेत आहे. दर वर्षी कारण तेवढे ताजे मिळते.

हाणामाऱ्या होतात म्हणून निवडणुका बंद करायच्या, तर मग विधानसभेचे काय?

म्हणजे बघा. कँटीनमधले प्लास्टिकचे चमचे बंद करा, एवढा ठराव मांडायलाही ज्याच्याकडे सभा नाही, त्याने जागतिक हवामान वाटाघाटींत आपला ठसा उमटवावा अशी आपली अपेक्षा. पोहायला शिकेपर्यंत पाण्यात उतरू नको, हे आपले जुने तत्त्व. नवे एवढेच, की आता थेट समुद्रात ढकलतो.

शिकवण्यात मात्र कसूर नाही. पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच बजावले. आपल्याकडे अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' असा विषय आहे. त्याची एक प्रकल्पवही असते. मुलगा गेल्या वर्षीच्या ताईची वही आणतो. ताईने ती तिच्या आधीच्या दादाची आणलेली असते. नदीच्या प्रदूषणावरचा तोच प्रकल्प वर्षानुवर्षे वाहतो आहे, नदीपेक्षा कितीतरी स्वच्छ अक्षरात.

पुनर्वापराचा एवढा यशस्वी प्रयोग राज्यात दुसरा नसेल.

वहीनंतर येते श्रमदान. २०१६ मध्ये राज्याने दोन कोटी झाडे लावायचे ठरवले. २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा, २०१९ ला तेहतीस कोटी. आकडा बघून ओळखीचे वाटले ना? देवही तेवढेच. आणि देवांसारखीच ही झाडेही डोळ्यांना दिसत नाहीत, आहेत असे मनोभावे मानायचे असते. पुढे सरकार बदलले आणि या झाडांच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. झाडे शोधायला समिती लागते, हे वनक्षेत्र घनदाट असल्याचेच लक्षण म्हणा.

या कोटीच्या कोटी खड्ड्यांत हात घालायला पोरे होतीच. पण कुठले झाड, कुठल्या जमिनीत, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, या बैठकीला त्यांतले कोण होते? एनएसएसचे ब्रीद आहे, 'मी नव्हे, तुम्ही'. खड्डे खणायची वेळ आली की सरकार हे ब्रीद मनापासून पाळते.

इतके दिवस पोरांनीही ते पाळले. मग २०२० उजाडले.

ही गोष्ट नीट ऐकण्यासारखी आहे. कारण यात पोरे आगंतुक नव्हती. त्यांना रीतसर निमंत्रण होते. मार्च २०२० मध्ये केंद्राने ईआयएचा, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा नवा मसुदा काढला. एखादा कारखाना, खाण किंवा धरण येण्याआधी त्याचे परिणाम तपासायचे, आसपासच्या लोकांना विचारायचे, ही ती पद्धत. नव्या मसुद्यात दोन सोयी होत्या. परवानगीविना आधीच काम सुरू केलेल्यांना मागाहून परवानगी मागायची वाट. आणि जनसुनावणीत लोकांना म्हणणे मांडायला तीस दिवसांऐवजी वीस.

आधी बांधा, मग विचारा. विचारा, पण पटकन.

मसुदा निघाला तोही टाळेबंदीत, आणि फक्त इंग्रजी-हिंदीत. पर्यावरणमंत्री तेव्हा प्रकाश जावडेकर. अस्सल पुणेकर. पण मसुदा देशाच्या इतर भाषांत आणा, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. मुदतही न्यायालयानेच ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. पुण्याच्या मंत्र्याच्या खात्याचा कागद मराठीत मिळावा म्हणून दिल्लीच्या न्यायाधीशांनी आदेश द्यायचा! सदाशिव पेठेत यावर एखादी पाटी कशी लागली नाही?

असो. मसुद्याच्या तळाशी नेहमीप्रमाणे लिहिले होते, की हरकती-सूचना अमुक पत्त्यावर मेल कराव्यात. आपण मोठी माणसे असली ओळ वाचतच नाही. ती सजावट असते हे आपल्याला ठाऊक असते. पोरांना ठाऊक नव्हते. 'फ्रायडेज फॉर फ्यूचर' या तरुणांच्या हवामान चळवळीतल्या भारतातल्या मुलामुलींनी ती ओळ खरी मानली. वाचले, समजून घेतले, मेल केले, दोस्तांना करायला सांगितले. देशभरातून हरकती लाखांनी गेल्या.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याला 'लोकसहभाग' म्हणतात. पोलीस ठाण्यात वेगळा शब्द आहे.

मंत्र्यांच्या मेलवर ईआयए या विषयाच्या मेलांचा पाऊस पडतो आहे, अशी तक्रार गेली. संकेतस्थळ बंद झाले. दिल्ली पोलिसांची नोटीस निघाली, त्यात कलम होते यूएपीएचे. दहशतवादविरोधी कायदा. शाळेतून जेमतेम बाहेर पडलेल्या पोरांवर देशाच्या सार्वभौमत्वाला धोका पोहोचवल्याचा संशय, हत्यार काय तर 'प्रति, मा. मंत्रीमहोदय' अशी सुरुवात असलेला मेल. बोभाटा झाला तेव्हा पोलिसांनी नोटीस मागे घेतली. म्हणे, ते कलम नजरचुकीने पडले.

नजरचुकीने आपल्या हातून बसची खिडकी उघडी राहते, दुधाचे पातेले गॅसवर राहते. यांच्या हातून दहशतवादाचे कलम राहते.

पुढच्याच वर्षी गंमत आणखी रंगली. १३ फेब्रुवारी २०२१. याच चळवळीतली, बेंगळुरूची बावीस वर्षांची दिशा रवी, दिल्ली पोलिसांच्या अटकेत. गुन्हा काय? शेतकरी आंदोलनाविषयीचे एक 'टूलकिट'. म्हणजे इंटरनेटवरचे एक सामायिक कागदपत्र, ज्यात कुणी काय करायचे ते लिहिलेले. आपल्याकडे लग्नघरात असले टूलकिट फ्रिजवर चिकटवलेले असते. याच प्रकरणात मुंबईची एक वकील आणि बीडचा एक इंजिनीअर जामिनासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या दारात उभे राहिले. बीडच्या पोराला तर औरंगाबाद खंडपीठाने दिलासा दिला. अटकेनंतर दहा दिवसांनी दिल्लीच्या न्यायालयाने दिशाला जामीन दिला, पुरावा तोकडा आहे म्हणत.

तेव्हापासून घराघरातल्या आयांना पर्यावरण हा विषय नीट समजला. "झाडं लाव, पण मेल करू नकोस."

तर हेच ते दूताचे दुसरे नाव: आरोपी.

कुणी म्हणेल, दिल्लीचे सोडा, आपला महाराष्ट्र पुरोगामी. बरे. आरे आठवते? २० सप्टेंबर २०१९ ला जगभर पोरांनी हवामानासाठी संप केला. स्वीडनच्या त्या सोळा वर्षांच्या ग्रेटाचे आपल्याकडे केवढे कौतुक! 'अशी मुलगी आपल्याकडे का नाही?' असे अग्रलेखी उसासे निघाले. पंधराच दिवसांत, ४ ऑक्टोबरला, मुंबई उच्च न्यायालयाने मेट्रोच्या कारशेडसाठी जाणारी आरेतली झाडे वाचवण्याच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. अंधारात. फोनच्या उजेडात गोरेगावची पोरे धावली. अशा मुली आपल्याकडे होत्या तर! २९ जण आत गेले. त्यांत विद्यार्थीही होते.

ग्रेटा असावी, पण शेजारच्या देशात. तेही जरा लांबच्या.

शनिवार-रविवारात २,१४१ झाडे पडली. रविवारी कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. न्यायालयाला सुट्टी होती. तरी त्या पत्राचीच याचिका झाली आणि सोमवारी खास पीठ बसले. तोड थांबवा, असा आदेश झाला. राज्य सरकारने शांतपणे सांगितले, की तोडायची होती तेवढी तोडून झाली आहेत.

मुदतीत पूर्ण झालेले सरकारी काम मी पाहिले ते एवढे एकच.

मेट्रो नको, असे म्हणणारा मी नाही. लोकलच्या दारात लटकलेल्याला विचारा, मेट्रो हीच हवामानकृती आहे. भांडण रुळांशी नव्हतेच, कारशेडच्या जागेशी होते. आणि त्या जागेचे पुढे काय झाले? २०२० मध्ये एका सरकारने शेड कांजूरमार्गला नेली. २०२२ मध्ये दुसऱ्याने परत आरेत आणली. २०२३ मध्ये ठरलेल्या ८४ पेक्षा जास्त झाडांना हात घालू पाहिला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो महामंडळाला दहा लाखांचा दंड केला. पोरांना अपरिपक्व कोण म्हणाले होते?

मोठ्यांची परिपक्वता अशी, की शेडसुद्धा स्टेशनासारखी अप-डाउन करते.

गोव्यात जरा वेगळे झाले. मोलेच्या जंगलातून तीन गोष्टी न्यायच्या होत्या: दुसरा रेल्वेमार्ग, रुंद महामार्ग आणि उच्चदाबाची वीजवाहिनी. जग घरात कोंडलेले असताना मंजुऱ्यांचे काम पडद्यावरच्या बैठकांत चालूच होते. मग विद्यार्थी, चित्रकार, वकील, वन्यजीव अभ्यासक अशी तरुण मंडळी कामाला लागली. कुणी कागद वाचले, कुणी जंगलातल्या बेडकांची आणि फुलपाखरांची चित्रे काढली. नोव्हेंबर २०२० च्या सुरुवातीला चांदरला रात्रीच्या वेळी हजारो माणसे रुळांवर जमली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली.

म्हणजे चित्रे काढून होते तर! फक्त विषय 'माझी वसुंधरा, हिरवी वसुंधरा' असा नको.

चित्रावरून आठवले. शाळेतल्या चित्रकला स्पर्धेत पृथ्वीला ताप येतो, थर्मामीटर तोंडात असतो, डोळ्यांतून पाणी. दर वर्षी तेच चित्र, दर वर्षी पहिले बक्षीस. खरा ताप बघायचा तर एप्रिलमध्ये अकोल्यात किंवा चंद्रपुरात एखाद्या पत्र्याच्या वर्गात बसा. २०२५ मध्ये राज्यभरच्या पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ओढल्या. वेळापत्रक एकच, कोकणालाही तेच, विदर्भालाही तेच. पालक ओरडले, शिक्षक ओरडले. पोरांना विचारले का? पोरे पेपर लिहीत होती.

पेपरात प्रश्न असेल, 'हवामान बदलाचे परिणाम सांगा.' कपाळावरचा घाम पुसून उत्तर लिहा.

बाहेरच्या देशांत काय चालते, हे सांगितले की लोक चिडतात. तरी सांगतो. प्रशांत महासागरात वानुआटू नावाचा चिमुकला देश आहे. २०१९ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या आवारात कायदा शिकणाऱ्या २७ मुलामुलींनी ठरवले, की समुद्र चढतोय याला कायद्याने कोण जबाबदार, हे जगातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला विचारायचे. त्यांनी देशोदेशींच्या सरकारांना पत्रे धाडली. वानुआटूच्या सरकारने प्रश्न उचलला. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो एकमताने हेगच्या न्यायालयाकडे धाडला. २३ जुलै २०२५ ला उत्तर आले: हवामान जपणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडले तर भरपाईपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

आपल्याकडे सर म्हणाले असते, आधी अटेंडन्स भरा.

जर्मनीत २०२१ मध्ये तरुणांच्या तक्रारीवर तिथल्या घटना न्यायालयाने सरकारचा हवामान कायदा अर्धवट ठरवला. कारण काय, तर २०३० नंतरचे सगळे कष्ट या कायद्याने पोरांच्या माथी ढकलले. सरकारने काही आठवड्यांत कायदा सुधारला. हे वाचताना मला २०७० आठवत होते. तुम्हालाही आठवले असेल, उगाच नाही म्हणू नका.

भारतात असे कुणी विचारले नाही असे नाही. हरिद्वारची रिधिमा पांडे नऊ वर्षांची होती तेव्हा, २०१७ मध्ये, हरित लवादाकडे गेली. सरकार हवामानासाठी पुरेसे करत नाही, अशी तिची तक्रार. २०१९ मध्ये लवादाने प्रकरण निकाली काढले. प्रकल्पांना परवानगी देताना पर्यावरणाचे मूल्यांकन होतेच. पॅरिस कराराचा विचार सरकारी धोरणांत होत नसेल, असे गृहीत धरायचे कारण नाही, असा एकूण सूर. थोडक्यात बाळ, ईआयए आहे ना, निश्चिंत राहा.

पुढच्या वर्षी त्या ईआयएचेच काय करायला घेतले, ते वर सांगितलेच.

गावात काय आहे? अठरा पूर्ण झाले की ग्रामसभेत बसता येते, बोलताही येते. आता आठवा, शेवटच्या ग्रामसभेत वीस वर्षांचा पोरगा उठून बोलला, तेव्हा काय ऐकू आले? "अमक्याचा ना तू? बस खाली. तुझा बाप कधी बोलला नाही आमच्यापुढं."

शहरात तर ज्येष्ठांनाही बसायला जागा नव्हती. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. मुंबईचा हवामान कृती आराखडा, २०५० पर्यंत शून्य उत्सर्जनाचा, १३ मार्चला जाहीर झाला. सभागृह गेले आणि सहाव्या दिवशी आराखडा आला. त्यानंतर निवडून आलेले नगरसेवक मिळायला २०२६ चा जानेवारी उजाडला. जवळपास चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या सहीने.

तरुणांना निर्णयात कसे घ्यावे, यावर त्या काळात चर्चासत्रे मात्र रग्गड झाली.

आता दुसरी बाजूही टोचू. तरुण म्हणजे काही अंगणातली तुळस नव्हे. 'सेव्ह अर्थ'चा टी-शर्ट तीनदा घालून टाकणारे, चार पावलांवरच्या टपरीलाही गाडी काढणारे, वाढदिवसाला भर रस्त्यात फटाक्यांची माळ लावणारे हेच. पर्यावरणावरच्या रीलला गाणे कुठले लावायचे, यावर जेवढी चर्चा होते तेवढी रीलच्या विषयावर होत नाही. आणि स्टीलच्या बाटल्या किती घ्याव्यात? एका पृथ्वीला किती बाटल्या लागतात?

आणि परिषदांना जाणारी ती 'युथ व्हॉइस' मंडळी. गळ्यात बिल्ला, तोंडात सफाईदार इंग्रजी, 'ग्रासरूट्स' हा शब्द दर वाक्याला. आमची ग्रासरूट्सवाली पोरगी बीडहून आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली असते, पाऊस का पडला नाही हे अनुभवाने जाणून. तिला या बिल्ल्याचा पत्ता नाही. तिच्या नावाने भाषण मात्र होते, टाळ्याही पडतात.

पण गंमत बघा. टी-शर्टवाल्याला कुणी नोटीस पाठवत नाही. रीलवाल्याला 'ब्रँड अॅम्बेसेडर' करतात. बिल्लेवाल्याचा सत्कार होतो. नोटीस कुणाला? ज्याने मसुदा शेवटच्या पानापर्यंत वाचला त्याला. या देशात वाचन कमी होत चालले आहे, अशी ओरड करणाऱ्यांनी जरा याचाही विचार करावा.

बरे, पोरांना हवे तरी काय? मी विचारून पाहिले. मला वाटले सिंहासन मागतील. तसले काही नाही. झाडाला खिळ्याने ठोकलेली तोडीची नोटीस वाचता येईल अशा अक्षरात लावा. हरकतीची सुनावणी मंगळवारी भर दुपारी, ऐन परीक्षेत ठेवू नका. मसुदे मराठीत द्या. हरकत नाकारली तर का नाकारली, ते दोन ओळींत कळवा. झाले. यादी संपली.

एवढे मिळत नाही म्हणून तर 'युवा हवामान संसद' भरवावी लागते. लुटुपुटुचे सभापती, लुटुपुटुचे मंत्री, लुटुपुटुचे ठराव. खऱ्या भांड्यांना हात लावायचा नाही, हे घ्या, भातुकली खेळा.

आणि आता तिसऱ्या रांगेतली ती मुलगी. कार्यक्रम संपल्यावर प्रमाणपत्रांच्या टेबलापाशी भेटली. लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र हातात, त्यावर आडनाव चुकलेले. प्लास्टिकबंदीचे घोषवाक्य प्लास्टिकच्या आत कसे चकाकत होते! आडनावाबद्दल ती काही बोलली नाही. तिचा प्रश्न दुसराच होता. टेबलामागच्या गृहस्थांना म्हणाली, "सर, माझा प्रश्न इतिवृत्तात येणार ना?"

त्यांनी चष्मा कपाळावर नेला, यादीत तिचे नाव शोधले, नावापुढे बरोबरची खूण केली आणि मायेने विचारले,

"चहा घेतलास का, बेटा?"